मेलकाऊ: बसवणं सोपं, पण आधी आयपी तपासा

स्वतःच्या डोमेनचा मेल आपल्याच सर्व्हरवर ठेवायचा तर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा), डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा), आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारा), वेबमेल, डेटाबेस आणि सर्टिफिकेट ही सगळी मंडळी एकमेकांशी जुळवावी लागतात. मेलकाऊ या तयार मेल-सर्व्हर संचाने ही जुळणी डॉकरच्या कंटेनरांत (एकेक प्रोग्राम वेगळा चालवणाऱ्या डब्यांत) आधीच करून ठेवली आहे, आणि फार चांगली केली आहे. सहा जीबी रॅम देता येत असेल आणि आयपी पत्ता स्वच्छ, म्हणजे स्पॅमच्या काळ्या यादीत नसलेला, असेल तर हेच घ्यावं. यातली दुसरी अट जास्त जड, कारण ती मेलकाऊच्या हातात नाही.

म्हणून सर्व्हर भाड्याने घेतल्यावर काहीही बसवायच्या आत आयपी तपासा. नेटकॅट या कमांडने जीमेलच्या एमएक्स (मेल घेणाऱ्या) सर्व्हरला २५ नंबरच्या पोर्टवर जोडून पाहा. २२० ने सुरू होणारी ओळ आली तर ठीक; नुसतंच ताटकळत राहिलं तर बाहेर जाणारं पोर्ट कंपनीने बंद ठेवलं आहे. अ‍ॅमेझॉनच्या ईसी२वर ते मुळातच बंद असतं, अर्ज करून उघडून घ्यावं लागतं. मग पीटीआर नोंद, म्हणजेच आयपीवरून नाव सांगणारा रिव्हर्स डीएनएस, बदलता येते का ते बघा. ही नोंद डोमेनच्या पॅनेलमध्ये सापडत नाही, सर्व्हर देणाऱ्याकडेच करावी लागते. शेवटी तो आयपी स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या काळ्या यादीत आहे का ते पाहा. घरच्या ब्रॉडबँडचे आयपी बहुधा त्यांच्या पीबीएल (थेट मेल पाठवू नये अशा आयपींच्या) यादीत असतात, त्यामुळे घरच्या मशीनवरून थेट मेल पाठवायचा नाद सोडलेला बरा. आयपी डागाळलेला निघाला तर त्याच्या साफसफाईत वेळ घालवू नका. सर्व्हर परत करून दुसरा घ्या.

प्रत्यक्ष बसवायला अर्धा तास पुरतो. कोरं डेबियन, त्यावर दुसरी वेबसाइट वगैरे काही नको. डॉकर टाका, यूमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारी सेटिंग) ००२२ आहे याची खात्री करा, मेलकाऊची गिट रिपॉझिटरी 'ऑप्ट' फोल्डरमध्ये उतरवा आणि कॉन्फिग तयार करणारी स्क्रिप्ट चालवा. ती होस्टनेम विचारते तिथे नुसतं डोमेन देऊ नका, पुढे 'मेल' हे सबडोमेन लावून पूर्ण नाव द्या. मग डॉकर कंपोजने इमेज (कंटेनरांचे तयार साचे) ओढायच्या आणि कंटेनर सुरू करायचे. पहिलं लॉगिन 'अ‍ॅडमिन' आणि 'मूहू' असतं. ते जगजाहीर आहे, त्यामुळे सर्वांत आधी बदला.

इथे अडलंच तर कारण बहुतेक वेळा पोर्टचं असतं. सर्व्हरच्या काही तयार इमेजमध्ये एक्झिम किंवा पोस्टफिक्ससारखा मेल प्रोग्राम आधीच चालू असतो, तो २५ धरून बसतो आणि मेलकाऊचा पोस्टफिक्स कंटेनर उठतच नाही. पोर्ट ८० फायरवॉलमध्ये बंद राहिलं तर लेट्स एनक्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट मिळत नाही आणि स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट दिसत राहतं.

मेलकाऊ स्वतःचा अनबाउंड हा रिझॉल्व्हर (डीएनएसची चौकशी करणारा प्रोग्राम) चालवतं. रॅम वाचवायला तो काढून सार्वजनिक रिझॉल्व्हर लावण्याचा मोह टाळा. अशा रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या चौकशीला स्पॅमहाउस खरं उत्तर न देता १२७.२५५.२५५.२५४ हा एरर कोड परत करतं. तो 'यादीत आहे' असा वाचला गेला की चांगले मेलही नाकारले जातात. अनबाउंडसाठी बाहेर जाणारं पोर्ट ५३, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही, उघडं हवं.

डोमेनच्या यादीतलं डीएनएसचं बटण हा मेलकाऊचा सर्वांत उपयोगी भाग. कोणती नोंद कशी हवी आणि सध्या कशी दिसते, हे ते शेजारी-शेजारी दाखवतं. एसपीएफची (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणारी) नोंद एकच ठेवा. दोन झाल्या की तपासणी थेट त्रुटी देते. खरी गडबड डीकिमला, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीला, होते. २०४८ बिटांची किल्ली साधारण चारशे अक्षरांची होते आणि टीएक्सटी नोंदीतल्या एका तुकड्यात २५५ अक्षरांपेक्षा जास्त मावत नाहीत. काही पॅनेल आपणहून तुकडे पाडतात, काही मुकाट्याने शेपूट कापतात. म्हणून नोंद टाकल्यावर 'डिग' या कमांडने ती परत मागवा आणि शेवटची दहा अक्षरं मूळ किल्लीशी ताडून पाहा. डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) सुरुवातीला 'नन' (काही करू नका) धोरणावर ठेवून अहवाल मागवा, दोन-तीन आठवडे सगळं पास होतंय असं दिसलं की 'क्वारंटाइन'वर (स्पॅममध्ये टाका) न्या.

आयपीव्ही६ चालू असेल तर त्याचीही पीटीआर नोंद हवी. ती नसली की जीमेल मेल परत पाठवतं आणि आयपीव्ही४ची सगळी मांडणी बरोबर असल्याने दोष सापडत नाही. नोंद करता येत नसेल तर पोस्टफिक्सच्या 'एक्स्ट्रा' फाइलमध्ये आयपीव्ही४ला पसंती द्या.

चाचणी नेहमी दुसऱ्या नेटवर्कवरून करा. ओपनएसएसएल कमांडने २५वर स्टार्टटीएलएस (जोडणी एनक्रिप्ट करण्याची आज्ञा) लावून सर्टिफिकेटवरचं नाव बघा. मग स्वॉक्स या चाचणीच्या कमांडने, लॉगिन न करता, तिसऱ्याच डोमेनच्या पत्त्यावर मेल पाठवायचा प्रयत्न करा: 'रिले अ‍ॅक्सेस डिनाइड' असं उत्तर यायलाच हवं. ते न येता मेल स्वीकारला गेला तर सर्व्हर त्याच क्षणी बंद करा, कारण उघडा रिले (कुणाचाही मेल पुढे पाठवणारा सर्व्हर) स्पॅमवाल्यांना सापडायला वेळ लागत नाही. त्यानंतर जीमेलला एक नीट लिहिलेला मेल पाठवून 'मूळ मेसेज दाखवा'मध्ये एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्हींपुढे 'पास' आहे का ते पाहा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने एसपीएफ किंवा डीकिम, पीटीआर आणि टीएलएस सगळ्याच पाठवणाऱ्यांना सक्तीचं केलं आहे. आउटलुककडून एस३१४० असा कोड आला तर त्यांनी तुमच्या आयपीचा अख्खा पट्टाच अडवलेला असतो. मायक्रोसॉफ्टचा फॉर्म भरण्यावाचून गत्यंतर नाही.

रोजच्या वापरात तक्रारीला जागा कमी. क्लॅमएव्ही हा व्हायरस-तपासनीस एकटा एक जीबीहून जास्त रॅम खातो. घरच्या चार-पाच मेलबॉक्ससाठी कॉन्फिगमध्ये तो बंद केला तरी चालतं. ग्रेलिस्टिंगमुळे (पहिला प्रयत्न मुद्दाम तात्पुरता नाकारण्यामुळे) अनोळखी सर्व्हरचा संशयास्पद मेल काही मिनिटं उशिरा येतो, आणि त्यात ओटीपी असला की चिडचिड होते. अशा डोमेनला परवानगीच्या यादीत टाका. पासवर्ड बदलल्यावर एखाद्या फोनमध्ये जुनाच राहिला तर नेटफिल्टर (चुकीची लॉगिन अडवणारा) कंटेनर अख्ख्या घराचा आयपी अडवतो आणि सर्व्हर बंद पडल्यासारखं वाटतं. अडवलेल्या आयपींची यादी अ‍ॅडमिन पानावर असते, तिथून सोडवा आणि आधी तो फोन शोधा.

बॅकअपच्या बाबतीत मात्र दक्ष राहा. मेलकाऊ मेल एनक्रिप्ट करून साठवतं आणि त्याच्या किल्ल्या 'क्रिप्ट' या वेगळ्या व्हॉल्यूममध्ये असतात. नुसता मेलचा फोल्डर उचलून ठेवला तर पुढे तो वाचताच येत नाही. सोबत येणारी बॅकअप स्क्रिप्ट 'ऑल' पर्यायाने चालवा, प्रत दुसऱ्या मशीनवर न्या आणि तिथे एकदा रिस्टोअर करून एखादा मेल उघडून बघा. अपडेटसाठी वेगळी स्क्रिप्ट आहे. त्यात सर्व्हर काही मिनिटं थांबतो, पण मेल हरवत नाहीत. पाठवणाऱ्याकडचा पोस्टफिक्स डीफॉल्टने पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो.

दोन जीबीचंच मशीन हाताशी असेल तर मेलकाऊ कोंबू नका. डॉकर-मेलसर्व्हर घ्या: वेब पॅनेल नाही, डेटाबेस नाही, सगळं फाइलींतून चालतं. आयपी आणि डीएनएसच्या वरच्या तपासण्या तिथेही जशाच्या तशा लागतील.