डिपॉझिटमधून कापले ४८,०००. देणं निघत होतं २,५०२

कोथरूडमधला भाड्याचा टू बीएचके, डिपॉझिट ७५,०००. परत आले २७,०००. उरलेल्या ४८,००० चा हिशेब मालकाने व्हॉट्सॲपवर चार ओळींत उरकला: पेंटिंग २८,०००, किचन ट्रॉली ९,८००, डीप क्लीनिंग ६,५००, गिझर ३,७००.

पेंटिंगचं कोटेशन चावी द्यायच्या आदल्या दिवशी आलं होतं. त्यावर तारीख आठवडाभर आधीची, आणि तोवर मोजमाप घ्यायला एकही माणूस घरात आला नव्हता. ना स्क्वेअर फूट, ना जीएसटी नंबर, नुसतं 'फुल फ्लॅट लमसम'. तिथेच कान टवकारायला हवे होते! पण चावी अडवायची कशी? मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं लागतं. एजंटने नेमकं तेच ऐकवलं, वर 'दोन दिवसांत ट्रान्सफर होईल' हेही. अशा वेळी कोणीही चावी देईल. फक्त घराची स्थिती, मीटर रीडिंग आणि 'नुकसान नाही' किंवा काय आहे ते लिहून मालकाची सही घेतल्याशिवाय देऊ नका.

आता रंगाचा खरा हिशेब. रंगवायचे २,००० स्क्वेअर फूट धरले, तर २८,००० म्हणजे १४ रुपये दर. डाग पडले ते बेडरूमच्या एकाच भिंतीवर: १० बाय ९, म्हणजे ९० स्क्वेअर फूट, १,२६० रुपये. रंगाचं आयुष्य ६० महिने धरा. घर सोडताना तो ४८ महिन्यांचा होता, त्यातले २२ आमचे. उरलं एक पंचमांश, म्हणजे २५२ रुपये. जुना झालेला रंग भाडेकरूच्या पैशाने नवा करून घेणं म्हणजे नुकसानभरपाई नव्हे. ॲग्रीमेंटमध्ये 'पेंटिंगसाठी एक महिन्याचं भाडं' असं कलम असेल तर गोष्ट वेगळी. सही करण्याआधीच खोडायला लावा.

ट्रॉली ज्यावर सरकते ते एकच चॅनल आमच्याकडून वाकलं: जोडी ४५०, मजुरी ३००. बाकीच्या ट्रॉल्या सिंकचा पाइप गळून गंजल्या. ती गळती मालकाला लेखी कळवली होती. गिझरचा एलिमेंट टँकरच्या जड पाण्याच्या क्षारांनी गेला, ती झीज. डीप क्लीनिंगपैकी चिमणीचं तेल साफ करण्याचे १,५०० मान्य. झाले २,५०२. म्हणजे ४५,४९८ अजून त्यांच्याकडे आहेत.

चौकीत उत्तर ठरलेलं, 'सिव्हिल मॅटर आहे'. भाडेकरूचा फोटो, आधार, मूळ गाव सगळं पोलिसांना आधीच हवं असतं. त्याच भाडेकरूचे पैसे अडकले की मात्र कागदसुद्धा हातात घेत नाहीत. सोसायटी म्हणते, आमचा मेंबर मालक. घर खाली करून घ्यायला मालकासाठी कायद्याने सक्षम प्राधिकारी नेमलाय, डिपॉझिटसाठी भाडेकरूने दिवाणी दावा लावायचा, तारखा घ्यायच्या. वकिलाने नुसत्या नोटिशीचे ३,००० सांगितले. लोक इथेच दमतात, मालकांना ते पक्कं ठाऊक असतं.

ॲग्रीमेंट रजिस्टर नसेल तर घाबरू नका. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची, आणि उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत तुमचं म्हणणं धरलं जातं. कापलेल्या प्रत्येक रकमेचं बिल ईमेलवर मागा, फोनवर नाही. पैसे वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. आमची नोटीस पोस्टाने गेली आहे.