नाव आधी, किंमत नंतर: पायथन आणि जावास्क्रिप्ट

यवतमाळकडच्या जिनिंगच्या काट्यावर कापसाचं बिल काढणारा छोटा प्रोग्राम घ्या: १२ क्विंटल गुणिले भाव. गुणाकार वर आणि भावाची किंमत खालच्या ओळीत राहिली, तर पायथन (ही प्रोग्रामिंगची भाषा) तिथंच थांबतो, नेमएरर म्हणजे 'हे नाव माहीत नाही' अशी चूक देतो, ओळीचा नंबरही सांगतो. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत 'व्हार' या शब्दानं जाहीर केलेलं नाव आधीच वर उचललं जातं, किंमत मात्र जागेवरच राहते. म्हणून भाव 'अनडिफाइन्ड' (किंमत नसलेला) आणि बिलावर 'नॅन' (आकडाच नाही). एरर नाही, काही नाही; शेतकरी गाडी घेऊन उभा आणि पावती चुकीची. हे फार वाईट. २०१५ पासून नाव जाहीर करायला 'लेट' आणि 'कॉन्स्ट' हे शब्दही आले, ते अशा वेळी रेफरन्सएरर देऊन थांबवतात. नव्या कामात 'व्हार' घेऊच नका.

फंक्शनचं, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या कामाच्या तुकड्याचं, उलटं आहे. जावास्क्रिप्टमध्ये 'फंक्शन' शब्दानं सुरू केलेलं फंक्शन फाइलच्या तळाशी असलं तरी वरून बोलावता येतं. पायथनमध्ये फंक्शन बनवणारी 'डेफ'ची ओळ आधी चालून जावी लागते.

पायथनची खरी खोच वेगळीच. भाव बाहेर ठरलेला आहे, पण फंक्शनच्या आत खाली कुठंही 'भाव = ७०००' लिहिलं, की त्याच्या वर भाव वाचणारी ओळ अनबाउंडलोकलएरर देते; कारण ते नाव त्या पूर्ण फंक्शनपुरतं स्थानिक (फक्त आतलं) धरलं जातं आणि त्याला तोवर किंमत मिळालेली नसते. आतल्याला 'नवा_भाव' म्हणा, अडचण जाते.