फिट्सची गोळी चालू आहे आणि बाळाचा विचार आहे? मग आधी इथे जा (५ पैकी ४ स्टार)

मला १६व्या वर्षापासून फिट्सचा त्रास आहे, म्हणजे सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके येतात, चहाचा कप उडतो, ब्रश बेसिनमध्ये पडतो तो प्रकार, आणि जागरण झालं की मोठी फिट. व्हॅल्प्रोएट सुरू केलं आणि सगळं थांबलं, त्यामुळे त्या गोळीवर माझा राग नाहीये, तिच्यामुळे माझं कॉलेज पूर्ण झालं नोकरी लागली. राग याचा आहे की आधीच्या डॉक्टरांकडे मी नऊ वर्षं जात होते, लग्न ठरल्याचे पेढे सुद्धा देऊन आले, तरी एकदाही कोणी बोललं नाही की या गोळीवर असताना दिवस राहिले तर बाळाला धोका असतो. खोक्यातला तो बारीक अक्षरातला कागद वाचला तेव्हा मला कळलं. रात्रभर झोप नाही.

मग मैत्रिणीने या ओपीडीचं सांगितलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच वेळी ४० मिनिटं दिली आणि सासूबाईंना पण आत बोलावून घेतलं, याला माझे दोन स्टार.

त्यांनी विचारलं लग्नातली पैठणी कुठंय, म्हटलं कपाटात, घडीत. "मग आत्ता पदरावरचे मोर दिसतात का?" नाही. पेशीत डीएनए असाच हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळून ठेवलेला असतो म्हणाल्या, हिस्टोनला ॲसिटिलचा छोटा तुकडा चिकटला की पकड सैल होते, घडी मोडते आणि तिथला जीन वाचता येतो, आणि काम झालं की तो तुकडा काढून घडी परत घालणारी एन्झाइम्स वेगळी. बाळाचा मेंदू बनताना हे टाइमिंग फार महत्त्वाचं, कारण मूळ पेशींनी आधी नुसतं वाढत राहायचं, मग ठरल्या वेळी त्यातल्या काहींनी न्यूरॉन (मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या पेशी) व्हायचं, आणि न्यूरॉनला सांभाळणाऱ्या पेशी बहुतेक त्याच्या नंतर, आणि प्रत्येक टप्प्याला वेगळ्या घड्या मोडायच्या, वेगळ्या बंद ठेवायच्या. व्हॅल्प्रोएट नेमकं त्या घडी घालणाऱ्या एन्झाइम्सनाच अडवतं, हे २००१ साली कळलं. उंदरांच्या मेंदूतल्या मूळ पेशींमधून त्यातली दोन, एचडॅक १ आणि २, एकदम काढून टाकली तर त्या पेशींचे न्यूरॉन बनतच नाहीत, एकच काढलं तर दुसरं सांभाळून घेतं. आणि उलटं पण वाईटच, ॲसिटिल चिकटवणाऱ्या सीबीपी प्रोटीनच्या जीनची एक कॉपी बिघडली की रुबिनस्टाइन टायबी सिंड्रोम होतो, त्यात अंगठे रुंद असतात आणि बौद्धिक वाढ मागे राहते. गोळीचं नुकसान फक्त या एका वाटेने होतं असं नाही हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मग आकडे सांगितले, न घाबरवता. व्हॅल्प्रोएटवर असलेल्या आयांच्या १०० बाळांत साधारण १० ना जन्मजात व्यंग आणि ३० ते ४० जणांना बोलणं, शिकणं, लक्ष लागणं यात अडचण. मणक्याच्या व्यंगाचा संबंध तर १९८२ सालीच फ्रान्समध्ये लक्षात आला होता! १९८२!! आणि मला २५व्या वर्षी खोक्यातून कळतंय. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकली, वाट बघितली, टेस्ट केली तोपर्यंत ते होऊन पण गेलेलं असतं, म्हणून सगळं आधी करायचं.

माझी गोळी हळूहळू बदलून लेव्हेटिरासिटॅमवर आणली, सोबत फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम. सोपं नव्हतं, मधल्या काळात दोनदा सकाळचे झटके आले, स्कूटी बंद केली, चिडचिड इतकी की नवऱ्याशी रोज भांडण, पण फोन केला की नर्स ताई नीट बोलायच्या. एक गोष्ट मॅडम प्रत्येक वेळी सांगतात, कागद वाचून घाबरून गोळी स्वतःहून बंद करायची नाही, मोठी फिट आली तर आईच्या जिवावर बेतू शकतं.

एक स्टार कापला कारण नंबर लावून पण अडीच तास बसावं लागतं, आणि हे सगळं मराठीत छापलेलं एक पान सुद्धा मिळत नाही, माझ्या शेजारी बसलेल्या मुलीला तर ती कुठली गोळी घेते हेच माहीत नव्हतं, तिच्या आईने पदराच्या गाठीतून रिकामी पट्टी काढून मला वाचायला दिली, व्हॅल्प्रोएटच होतं.

जाताना जुने केसपेपर, ईईजी (मेंदूचा आलेख) आणि गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा, डबा पण घ्या, कँटीन लांब आहे. आणि जमलं तर घरातलं मोठं माणूस सोबत न्या, आमच्या सासूबाई आता दिवसातून दोनदा विचारतात, फॉलिक घेतलीस का गं.