साडेआठ हजारांचा डबा, चाळीस रुपयांचा सेल : सात महिने वापरून

आधी जुन्या डेस्कटॉपमधल्या घड्याळाच्या सेलबद्दल (बटणासारखी छोटी बॅटरी), कारण बाकीचं जवळपास ठीक आहे.

ऑफिसांची लीज संपून आलेले छोटे डेस्कटॉप नाशिकला एम. जी. रोडवर चौकशी करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहेत. इंटेलचा आय-५ ६५००टी प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, मागे ६५ वॉटचा अ‍ॅडॉप्टर. साडेआठ हजार, मॉनिटर वेगळा. वर लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टम), तिचा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. काम काउंटरवरचं: बिलं, मराठी पत्रं, ब्राउझर.

पहिल्या दीड महिन्यात तक्रार एकच. सकाळच्या पहिल्या बिलावर कालची तारीख. तीही रोज नाही, अधूनमधून. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: ‘लिनक्समुळे होतंय, विंडोज टाकून घ्या.’ साफ चूक. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला होता. भिंतीवरचं बटण चालू राहिलं तर आतलं घड्याळ अ‍ॅडॉप्टरच्या विजेवर चालतं आणि काही कळत नाही. रात्री बटण बंद केलं की ते सगळं विसरतं. आता काटकसरीच्या दुकानात बटण कोण चालू ठेवतं?

विंडोजमध्ये अशा वेळी थेट जुनं साल दिसतं, सगळ्या साइट सर्टिफिकेटच्या नावाने बोंब मारतात आणि दोष चटकन सापडतो. मिंट जरा जास्तच शहाणं. त्यातली टाइमसिंकडी नावाची सेवा शेवटची वेळ डिस्कवर टिपून ठेवते आणि सुरू होताना घड्याळ त्याच्या मागे जाऊ देत नाही. म्हणून रात्री साडेनऊला बंद केलेलं यंत्र सकाळी दहाला उठतं ते अजून रात्रीचे साडेनऊच आहेत असं धरून. नेट लागलं की काही सेकंदांत वेळ जुळते. नेट नसेल तर दिवसभर हिशोब चुकीच्या वेळेवर, आणि कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये आजची तारीख घालणारा ‘टुडे’ फॉर्म्युला लावलेल्या सकाळच्या बिलांवर तारीख कालची.

खात्री करायची तर भिंतीवरचं बटण तासभर बंद ठेवा, नेटची वायर काढून यंत्र सुरू करा (वायफाय असेल तर राउटर बंद) आणि टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘टाइमडेटसीटीएल’ (timedatectl) द्या. ‘आरटीसी टाइम’च्या (RTC time, म्हणजे आतल्या घड्याळाच्या) ओळीत जुनं साल दिसलं तर सेल गेला. ती वेळ साडेपाच तास मागे दिसणं मात्र बरोबर आहे, तिथे जागतिक वेळ असते. त्यावरून भांडायला जाऊ नका. बदलताना अ‍ॅडॉप्टर काढून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. मागचा स्क्रू सोडवून झाकण सरकवा. बऱ्याच डब्यांत सेल एसएसडीच्या ट्रेखाली असतो. अधिकची बाजू वर. नवा सेल मीटरवर तीन व्होल्ट किंवा थोडा जास्त दाखवतो. अडीचच्या खाली गेलेला ठेवण्यात अर्थ नाही. मग नेट लावून पंधरा मिनिटं यंत्र चालू ठेवलं की आतलं घड्याळही आपोआप जुळतं. चाळीस रुपये. साडेआठ हजारांच्या मालात विक्रेत्याने तेवढे घालायला काय हरकत होती?

आता किमतीचं. फुकट सिस्टममुळे परवान्याचे पैसे वाचले, असं म्हणणं अर्धवट आहे. या ऑफिसच्या डब्यांना विंडोज १० प्रोचा परवाना बहुधा असतोच. पण विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी लागते. ६५००टी सहावीतला. म्हणून हा माल स्वस्त. मिंट २२ला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट आहेत, म्हणजे भंगाराच्या वाटेवरचं यंत्र आणखी काही वर्षं कामाचं. नुसतं चालू असताना रॅम एक जीबीच्या आसपास खाल्ली जाते.

एका बाबतीत मत बदललं. ८ जीबी घेऊन दुसरी स्लॉट पुढे भरू, हा हिशोब आधी योग्य वाटला होता. २०२५च्या अखेरीस रॅमच्या किमती इतक्या चढल्या की तो फसला. डब्यातच १६ जीबी मिळत असेल तर हजारभर जास्त गेले तरी घ्या. रॅम लॅपटॉपची, डीडीआर४. डेस्कटॉपची लांब पट्टी बसत नाही.

मराठी टायपिंग अनपेक्षितपणे उत्तम. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट म्हणून मराठी इनस्क्रिप्ट जोडायचा, बस. ‘ऱ्या’साठी शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ (/), ई. जुन्या कृतीदेव फॉन्टमधल्या फायली मात्र आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. नुसता फॉन्ट टाकून त्या शोधण्याजोग्या होत नाहीत.

टॅली हवं असेल तर हा डबा मिंटसह घेऊ नका, ते विंडोजचंच आहे. बाकीच्यांनी पैसे देण्याआधी दुकानातच प्लग काढून दहा मिनिटं थांबावं, मग चालू करून बायोसमधली (सिस्टम सुरू होण्याआधीचा सेटिंगचा पडदा) तारीख पाहावी. चहा येईपर्यंत तेवढा वेळ जातोच.