स्विचवर एसीएल लावायची कुठे: पोर्टवर, एसव्हीआयवर की अख्ख्या व्हीलॅनवर?

एसीएल म्हणजे कुठलं पॅकेट सोडायचं आणि कुठलं अडवायचं याची नियमांची यादी. ती लिहायला दोन दिवसांत हात बसतो. खरं अडतं ते ती लावायची कुठे, यावर. सिस्कोच्या लेयर 3 (म्हणजे राउटिंगही करणाऱ्या) कॅटॅलिस्ट स्विचवर तीन जागा मिळतात: व्हीलॅनच्या (स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कच्या) एसव्हीआयवर, म्हणजे त्या व्हीलॅनमधून बाहेर जायच्या दारावर, राउटर एसीएल, एकेका पोर्टवर पोर्ट एसीएल आणि पूर्ण व्हीलॅनवर व्हीलॅन मॅप. निवडण्याआधी एकच गोष्ट बघा: जे पॅकेट अडवायचंय ते त्या जागेवरून जातं का? ज्या रस्त्याने गाडी येतच नाही, तिथे नाकाबंदी करून उपयोग नाही.

समजा एका कॉलेजात कार्यालय व्हीलॅन 10 मध्ये आहे, विद्यार्थ्यांची लॅब 20 मध्ये आणि सीसीटीव्ही 30 मध्ये. लॅबमधून कार्यालयाकडे कुणी जाऊ नये, एवढंच हवं असेल तर राउटर एसीएल घ्या, दुसरा विचार नको. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जाणारं प्रत्येक पॅकेट एसव्हीआयवरूनच जातं. व्हीलॅन 20 च्या एसव्हीआयवर ‘इन’ दिशेने लावा. इथे नवखे गोंधळतात. स्वतः स्विचच्या आत उभे आहात असं समजा. लॅबकडून तुमच्याकडे येतं ते ‘इन’. पहिली ओळ 192.168.20.0 कडून 192.168.10.0 कडे डिनाय (अडवा), वाइल्डकार्ड (पत्त्याचा कुठला भाग जुळवायचा नाही ते सांगणारा आकडा) दोन्हीकडे 0.0.0.255, आणि खाली परमिट आयपी एनी एनी (बाकी सगळं सोडा). ती शेवटची ओळ विसरलात तर यादीच्या तळाशी असलेला न दिसणारा डिनाय बाकी सगळंच अडवतो.

मी एकदा एनी एनीऐवजी ‘फक्त 192.168.20.0 ला परमिट’ असं लिहिलं होतं. वाचायला ते जास्त कडक आणि नेटकं वाटतं. पण डीएचसीपीची (पीसीला आयपी पत्ता देणाऱ्या सोयीची) पहिली विनंती 0.0.0.0 वरून 255.255.255.255 कडे जाते, यूडीपी 68 वरून 67 वर, आणि ती त्या ओळीत बसतच नाही. ज्या पीसींची लीज (मिळालेल्या पत्त्याची मुदत) शिल्लक होती ते चालू राहिले, म्हणून चूक लगेच दिसली नाही. नवीन जोडलेले पीसी 169.254 ने सुरू होणारे पत्ते (डीएचसीपीकडून उत्तर न आल्यावर पीसी स्वतःच घेतो ते) घ्यायला लागले, तेव्हा शोधाशोध झाली. डीएचसीपीची ओळ सगळ्यात वर लिहायची सवय तेव्हापासून लागली.

अजून एक. कार्यालयातून लॅबच्या पीसीवर रिमोटने जायचं असेल तर परतीचं पॅकेट याच यादीत अडकतं, कारण एसीएल आधीचं संभाषण लक्षात ठेवत नाही. टीसीपीसाठी डिनायच्या वर ‘इस्टॅब्लिश्ड’ची ओळ घाला. ती फक्त एसीके किंवा आरएसटी बिट (पॅकेटवरच्या खुणा) बघते, त्यामुळे तिला फायरवॉल समजू नका. यूडीपीला ही सोय नाही.

आता राउटर एसीएल जिथे हतबल आहे ते बघा. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला तो एसएमबीच्या (विंडोजमधल्या फाइल शेअरिंगच्या) 445 पोर्टवरून (हा टीसीपीचा पोर्ट क्रमांक, स्विचचा पोर्ट नव्हे), आणि एकदा आत शिरला की शेजारच्या पीसीकडेही जायचा. लॅबमधले दोन पीसी एकमेकांशी बोलताना एसव्हीआयकडे जातच नाहीत. इथे व्हीलॅन मॅप लागतो. व्हीलॅनमधल्या आतल्या आणि राउट होणाऱ्या दोन्ही पॅकेटांना तो लागू होतो. त्याला दिशा नसते, आणि त्यातल्या एसीएलमध्ये ‘परमिट’चा अर्थ ‘जुळलं’ एवढाच असतो. अडवायचं की सोडायचं ते मॅपमध्ये वेगळं लिहायचं. 445 ड्रॉप करणाऱ्या नोंदीनंतर बाकी सगळं फॉरवर्ड करणारी नोंद नसेल तर त्या व्हीलॅनमधलं सगळं आयपी ट्रॅफिक थांबतं. फाइल सर्व्हर वापरत असाल तर त्याच्याकडे जाणारा 445 सोडणारी नोंद ड्रॉपच्या आधी हवी. आणि मॅप फक्त कोअर (मधल्या मुख्य) स्विचवर लावून भागत नाही. एकाच अ‍ॅक्सेस (पीसी थेट जोडलेल्या) स्विचवरच्या दोन पीसींमधलं ट्रॅफिक कोअरला दिसतच नाही. 2960 सारख्या लेयर 2 स्विचवर व्हीलॅन मॅप नाही. तिथे पीसींना एकमेकांपासून तोडायचंच असेल तर प्रोटेक्टेड पोर्ट (एकमेकांकडे ट्रॅफिक न सोडणारे पोर्ट) हा सोपा उपाय आहे, तोही त्याच स्विचपुरता.

पोर्ट एसीएल मी मोजक्या ठिकाणी वापरतो, पण तिथे तिला पर्याय नाही. कंपाउंडच्या भिंतीवरचा कॅमेरा घ्या. त्याची केबल काढून कुणीही लॅपटॉप लावू शकतं. त्या पोर्टवर ‘कॅमेऱ्याच्या पत्त्यावरून फक्त एनव्हीआरकडे’ (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राकडे) एवढीच परवानगी ठेवली की केबल हातात येऊनही फार काही साधत नाही. 3560, 3750 मालिकेत ती फक्त आत येणाऱ्या ट्रॅफिकवर चालते. ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या पोर्टवर) लावली तर ट्रंकवरचे सगळे व्हीलॅन तिच्यात सापडतात. फोन आणि पीसी एकाच पोर्टवर असतील तर व्हॉइस व्हीलॅनही; पीसीसाठी लिहिलेल्या यादीमुळे फोन बंद पडतो.

तेव्हा सुरुवात राउटर एसीएलने करा. बाहेर उघड्यावर असलेल्या पोर्टांना पोर्ट एसीएल द्या. व्हीलॅन मॅप मात्र आतल्या आत पसरणारं काही रोखायचंच असेल तेव्हाच घ्या, कारण त्यातली चूक सगळ्यात महाग पडते. ‘लॉग’ शब्द सगळ्या ओळींना लावू नका. ती पॅकेटं हार्डवेअर सोडून सीपीयूकडे जातात. आणि दूरवरच्या स्विचवर एसएसएचने काम करत असाल तर आधीचं कॉन्फिग सेव्ह असल्याची खात्री करून ‘रीलोड इन 10’ द्या, मग एसीएल लावा. बाहेर फेकले गेलात तर दहा मिनिटांनी स्विच रीबूट होऊन जुन्या कॉन्फिगवर परत येतो. सगळं नीट चाललं तर ‘रीलोड कॅन्सल’ द्या, आणि त्यानंतरच सेव्ह करा.