इंग्लंडला क्लब क्रिकेट खेळायला पाठवतो म्हणणारा एजंट आणि चुकीचा व्हिसा

भारताचे कसोटीपटू विनू मांकड हॅसलिंग्डनकडून आणि सुभाष गुप्ते रिश्टनकडून लँकशायर लीग या इंग्लंडमधल्या क्लब स्पर्धेत व्यावसायिक म्हणून खेळले. त्यामुळे ‘काउंटी नाही, पण क्लबमध्ये नक्की लावतो’ असं कुणी म्हटलं की मुलाच्या घरच्यांना ते खोटं वाटत नाही. इंग्लंडमधल्या क्लबांना बाहेरचा खेळाडू हवा असतो, हेही खरं आहे. फसवणूक होते ती या खऱ्या गोष्टींच्याच आडोशाने.

तिथला क्लब सीझन साधारण एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत चालतो, म्हणून पैशांची मागणी आदल्या हिवाळ्यात सुरू होते. पहिल्यांदा ‘नोंदणी’ आणि नेट्सचा व्हिडिओ. रक्कम लहान असते, कुणी फार विचार करत नाही. मग क्लबच्या नावाचं ऑफर लेटर येतं: आठवड्याला इतके पौंड, राहायला खोली, मुलांना कोचिंग. त्यानंतर व्हिसाचा खर्च, विमा, ‘क्लबचं डिपॉझिट’. प्रत्येक हप्त्याला दोन-तीन दिवसांची मुदत, आणि खातं कुणा व्यक्तीच्या नावावर. एकदा हप्ता भरला की आधीचे बुडू नयेत म्हणून पुढचाही भरला जातो.

पत्र बनावट असेल तर ते पकडणं अवघड नाही. लेटरहेडवरचा ईमेल सोडून द्या. क्लबच्या वेबसाइटवरून सेक्रेटरीचा पत्ता घ्या आणि स्वतः विचारा. प्ले-क्रिकेट या साइटवर क्लबांचे संघ आणि स्कोअरकार्डं दिसतात. ज्या संघात जागा आहे म्हणतात तो संघ आहे का, कोणत्या डिव्हिजनमध्ये खेळतो, हे दहा मिनिटांत कळतं. व्हिसाची फी ब्रिटिश सरकारच्या साइटवर अर्ज भरतानाच भरायची असते. ती एजंटच्या खात्यात जात नाही.

खरा धोका पुढे आहे. क्लब खरा, सेक्रेटरी खरा, खोलीही खरी, आणि मुलगा मात्र व्हिजिटर व्हिसावर पाठवलेला. अशा वेळी घरच्यांना फसलो असं वाटतही नाही.

व्हिजिटर म्हणून जाऊन हौशी क्लबात अनुभवासाठी खेळता येतं, पण खेळाडू खरोखर हौशी असेल तरच. ब्रिटिश इमिग्रेशन नियमांमधली ‘व्यावसायिक खेळाडू’ची व्याख्या आपल्याला वाटते त्यापेक्षा फार रुंद आहे. फक्त मानधन घेणारा त्यात येतो असं नाही. प्रवास आणि राहण्याचा बहुतेक खर्च क्लब उचलत असेल, म्हणजे वस्तूरूपात मोबदला मिळत असेल, तरी खेळाडू व्यावसायिकच मोजला जातो. गेल्या दोन वर्षांत राज्याच्या संघातून खेळलेला मुलगाही त्यात बसतो, आणि हे सतरा वर्षांखालच्या संघापासून लागू आहे. आणि संधी शोधायला एजंट नेमणं हीसुद्धा व्यावसायिक असल्याची एक खूण धरली जाते. म्हणजे ‘मी तुम्हाला हौशी म्हणून व्हिजिटर व्हिसावर पाठवतो’ असं पैसे घेऊन सांगणारा माणूस त्याच वाक्याने मुलाचं हौशीपण संपवत असतो. महाराष्ट्र, मुंबई किंवा विदर्भाच्या वयोगटातल्या संघातून नुकत्याच खेळलेल्या मुलांच्या पालकांनी हे पुन्हा वाचावं.

व्यावसायिकांसाठी इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन हा वेगळा व्हिसा आहे, २०२१ पासून. त्यासाठी क्लबकडे ब्रिटिश गृहखात्याचा स्पॉन्सर परवाना (परदेशी खेळाडू बोलावण्याची परवानगी) लागतो, खेळाडूला ईसीबीचं, म्हणजे इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाचं, एंडोर्समेंट (लेखी मान्यता) लागतं, आणि मग क्लब स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र देतो. हे प्रमाणपत्र म्हणजे संगणकात नोंदवलेला क्रमांक असतो. शिक्का मारलेला रंगीत कागद कुणी दाखवला तर तिथेच थांबा. परवानाधारक स्पॉन्सरांची यादी ब्रिटिश सरकारच्या साइटवर मोफत पाहता येते. एंडोर्समेंटसाठी वरच्या पातळीवरचे सामने मोजतात, निमंत्रितांच्या स्पर्धांतली शतकं नाहीत. शिवाय भारतात नोंदणी असलेल्या खेळाडूला आपल्या राज्य क्रिकेट संघटनेमार्फत बीसीसीआयची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) लागते. एजंट ‘एनओसी नंतर बघू’ म्हणाला तर त्याला नियम माहीत नाहीत किंवा तो लपवतोय.

चुकीच्या व्हिसावरचा मुलगा विमानतळावरच अडू शकतो. अधिकारी प्रश्न विचारतात, किटबॅग उघडतात, फोनमधले मेसेज वाचू शकतात. आणि त्या मेसेजमध्ये ‘आठवड्याला इतके पौंड’ लिहिलेलं असतं. अर्जात खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर दहा वर्षांपर्यंत व्हिसा नाकारला जाऊ शकतो, आणि एकोणीस वर्षांच्या क्रिकेटपटूची दहा वर्षं म्हणजे त्याची सगळी कारकीर्द.

आत शिरला तरी सुटका नाही. थंडीत ओली खेळपट्टी, हलणारा ड्यूक्स चेंडू, सामना मुख्यतः शनिवारी. दोन वेळा शून्यावर बाद झाला की मधले सहा दिवस एकट्याने काढायचे. त्यात ठरलेले पैसे येत नाहीत, ज्युनिअर मुलांचं कोचिंग फुकट करून घेतलं जातं, आणि एजंट गोदामात किंवा हॉटेलात रोखीचं काम सुचवतो. व्हिजिटर व्हिसावर ते बेकायदा आहे. मुलगा तक्रार करत नाही, कारण आपणच पकडले जाऊ ही भीती त्याच्या मनात घातलेली असते. घरी फोनवर ‘सगळं छान’ सांगतो. पालकांनी धावा विचारण्याआधी जेवणाचं आणि पैशांचं विचारावं.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा. पहिल्या काही तासांत खातं गोठवण्याची शक्यता जास्त असते. चॅट, पावत्या, ऑफर लेटर यांतलं काहीही पुसू नका. मुलगा तिकडे असेल तर पासपोर्ट त्याच्याच हातात आहे ना आणि परतीचं तिकीट व्हिसाची मुदत संपण्याआधीचं आहे ना, हे त्याच दिवशी पाहा.