दर महिना 200 रुपये ऑटोपे आणि बाकीचे स्वस्त मार्ग: बरेच महिने करून बघितल्यावर

पगार बेताचा, त्यामुळे देणगी वगैरे आपलं काम नाही असंच वाटायचं, पण दिवाळीनंतर एका संस्थेला यूपीआय ऑटोपेने (म्हणजे खात्यातून पैसे आपोआप जातात) दर महिना 200 रुपये सुरू केले ते अजून चालू आहेत, म्हणून लिहितेय.

सुरू करणं सोपंय. संस्थेच्या साइटवर रक्कम टाकली की अ‍ॅपवर रिक्वेस्ट येते, पिन एकदाच टाकायचा. फक्त पिन टाकायच्या आधी ती स्क्रीन नीट वाचा, कधीकधी तिथे 200 च्या जागी भलतीच मोठी कमाल मर्यादा असते आणि शेवटची तारीख पार कुठल्या कुठे. तेवढे लगेच कापतात असं नाही, पण मी असली रिक्वेस्ट सरळ नाकारते. पैसे जायच्या 24 तास आधी मेसेज येतो, आणि बंद करायचं तर कोणाला फोन करून कारणं सांगत बसायची गरज नाही, अ‍ॅपमधूनच रद्द. एकरकमी दोन-अडीच हजार देताना हात आखडतो, 200 मात्र निघून जातात. संस्थेलाही दरमहा ठरलेले पैसे आले की पगार-भाड्याचा मेळ बसतो.

ताप एकच, फोन. नंबर गेला की "मॅडम, अजून एका मुलीचं शिक्षण..." सुरू. एका ठिकाणाहून तर इतके फोन आले की तिथलं रद्दच केलं. आता एकच संस्था, बाकी सगळ्यांना नाही, तेही वाईट न वाटून घेता.

पैसेच नसतील तर रक्तदान आहेच. बोटाला टोचून थेंब निळ्या पाण्यात टाकतात, तळाला गेला तर चालतं, तरंगला तर हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली म्हणून घरी. बायकांना हे फार होतं, मलाही परत पाठवलंय, मग डॉक्टरांना विचारून गोळ्या घेऊन पुन्हा गेले. पुरुषांना 90 दिवसांनी परत देता येतं, आपल्याला 120. आणि कृपा करून सगळ्यांनी साहेबांच्या वाढदिवसालाच जाऊ नका. लाल पेशी जेमतेम 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर 5च दिवस, आणि एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, शिबिरं कमी, तेव्हा बोंब होते. तेव्हा सरळ ब्लड बँकेत जाऊन द्या, अर्धा-पाऊण तास लागतो.

जुने कपडे द्यायचे तर गूंज या संस्थेसारख्या ठिकाणी, धुऊन, घालण्यासारखे. 1999 पासून काम आहे त्यांचं, गावकरी विहीर, रस्ता असं काम करतात आणि त्याबदल्यात हे सामान मिळतं, भीक म्हणून नाही. सुती कापडाचे पॅडही बनवतात. पण फाटका ब्लाउज, विटका टॉवेल, एकच मोजा हे त्यांच्या गळ्यात मारू नका हो, ते निवडायलाही माणसं लागतात. घरातला पसारा कमी करणं आणि दान करणं यात आमच्या सोसायटीत फार गल्लत चालते.

टॅक्सचं थोडक्यात: देणगीवरची करसवलत, जिला 80जीची सूट म्हणतात, ती जुन्या रिजीममध्येच मिळते, कॅश 2000 च्या वर दिली तर नाही, आणि कपडे-धान्य धरतच नाहीत. पॅन देऊन ठेवा आणि संस्थेकडून टॅक्ससाठीचं देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या, नुसत्या पावतीवर भागत नाही. मी नव्या रिजीममध्ये आहे, मला एक रुपया सुटत नाही, 200 चालूच आहेत.